वाचकांचे प्रश्न : स्पोर्ट्स कारचा पेट्रोल फिल्टर घरी बदलताना

प्रश्न : माझ्याकडे 1999 सालची पोर्शे बॉक्सस्टर आहे. गावात आणि तालुक्याच्या रस्त्यावर ती उत्तम चालते. परंतु राष्ट्रीय महामार्ग 53 वर एखाद्या ट्रकला ओलांडताना किंवा चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना पूर्ण पिकअप दिला की ती मध्येच दम सोडते आणि पाय थोडा उचलला की सावरते. पेट्रोल फिल्टर चोक झाला असावा असे जळगावच्या एका मेकॅनिकने सांगितले, पण या गाडीला हात लावण्यास ते तयार नाहीत. एवढ्या कामासाठी गाडी मुंबईला न्यायची का? शेतातील शेडमध्ये मी ट्रॅक्टरचे डिझेल फिल्टर नेहमी स्वतःच बदलतो. हेही काम मला तेथे करता येईल का?
— एक वाचक, यावल तालुका

उत्तर : हे काम घरी करता येते, आणि ट्रॅक्टरचे फिल्टर बदलणाऱ्या माणसाला त्यातील पान्यांचा भाग मुळीच अवघड नाही. मात्र ट्रॅक्टरवर हाताला लागलेली सवय नेमकी दोन ठिकाणी घात करू शकते. त्यामुळे कोणता नट कोठे आहे हे सांगण्यापूर्वी डिझेल आणि पेट्रोल यांतील फरक सांगणे मला अधिक गरजेचे वाटते.

डिझेलची वाफ ठिणगीने पेट घेण्याजोगी होण्यासाठी ते निदान 35 अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले असावे लागते. पेट्रोल मात्र शून्याखाली सुमारे 40 अंशांवरही पेट घेण्याइतकी वाफ सोडते. म्हणजे पौष महिन्यातील पहाटेच्या थंडीतही सांडलेल्या पेट्रोलवर पेटणारी वाफ असतेच. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्यामुळे ती वर उडून जात नाही. जमिनीलगत पसरत जाते आणि सखल जागेत साचून राहते. ट्रॅक्टरखाली डिझेलचे चार थेंब पडले तर आपण वरून माती टाकून काम पुढे चालू ठेवतो. येथे मात्र दहा हातांवरच्या ठिणगीपर्यंत वाफ जमिनीवरून सरपटत पोहोचू शकते.

दुसरा फरक दाबाचा आहे. ट्रॅक्टरच्या फिल्टरपर्यंत डिझेल आणणारा फीड पंप अगदी कमी दाबावर चालतो, त्यामुळे फिल्टर सैल केला की डिझेल फक्त ओघळते. आपल्या गाडीत टाकीमध्ये बसवलेला विजेचा पंप पेट्रोल साधारण 3 ते 4 बार दाबाने इंजेक्टरकडे ढकलतो. कारच्या टायरमध्ये 2 बारच्या थोडी वर हवा असते, यावरून या दाबाची कल्पना येईल. इंजिन बंद केल्यावरही हा दाब लगेच उतरत नाही, कारण पेट्रोल मागे फिरू नये यासाठी पंपात एकाच दिशेने उघडणारी झडप असते. अशा वेळी नट सैल केला तर पेट्रोल थेंबाथेंबाने गळत नाही. त्याचा बारीक फवारा खाली झोपलेल्या माणसाच्या डोळ्यांत आणि तापलेल्या सायलेन्सरवर उडतो.

आता मूळ तक्रारीकडे वळू. फिल्टर चोक झाल्याचा संशय रास्त आहे. संथ चालीत इंजिनाला पेट्रोल थोडेच लागते आणि अर्धवट बुजलेल्या फिल्टरमधूनही तेवढे सहज मिळते. घाटात किंवा ओव्हरटेक करताना मागणी कितीतरी पटींनी वाढते आणि मग पुरवठा अपुरा पडतो. तरीही केवळ लक्षणांवर विसंबून फिल्टर बदलावा असे मी सुचवणार नाही, कारण थकलेला पंप, पंपाच्या वायरिंगमधील सैल जोड, इंजिनात जाणारी हवा मोजणारा मळलेला सेन्सर किंवा दुबळी इग्निशन कॉइल यांमुळेही गाडी अशीच वागते. पेट्रोलचा दाब मोजणारा गेज आणि गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटला जोडायचा स्कॅनर या दोन गोष्टी जळगाव, धुळे किंवा भुसावळ येथील इंजेक्शनचे काम करणाऱ्या चांगल्या गॅरेजमध्ये असतात. गाडी खोलण्यास नकार देणारा मेकॅनिकही मोजमाप करून देण्यास सहसा तयार होतो. संथ चालीत दाब योग्य असून जोर पडताच तो खाली येत असेल, तर दोष टाकी ते इंजेक्टर या वाटेवर आहे. दाब स्थिर राहूनही गाडी दम सोडत असेल, तर फिल्टर बदलून काही साधणार नाही. मोजमाप होईपर्यंत घाटात गाडीवर जोर मात्र देऊ नका. कमी पेट्रोल आणि जास्त हवा अशा मिश्रणावर पूर्ण भार घेतल्यास इंजिनात नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी, झटक्याने पेट) सुरू होते आणि पिस्टनला इजा पोहोचू शकते.

या संदर्भात पेट्रोलमधील इथेनॉलचा विचारही करायला हवा. आपल्याकडील पंपांवर 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री फेब्रुवारी 2023 मध्ये सुरू झाली आणि 2025 पर्यंत ते देशभर रूढ झाले. आपली गाडी त्याच्या कितीतरी आधीची आहे. इथेनॉल पाणी शोषून घेते, आणि टाकीत व नळ्यांत वर्षानुवर्षे बसलेला चिकट थर ते सोडवते. हा सुटलेला गाळ येऊन अडकतो तो फिल्टरमध्येच. जुन्या रबरी नळ्या आणि ओ-रिंगाही (जोडणीतून गळती होऊ नये म्हणून बसवलेल्या रबरी कड्या) त्यामुळे फुगतात किंवा कडक होऊन तडकतात. शिवाय इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, म्हणून तेवढीच शक्ती मिळवण्यासाठी इंजिनाला अधिक इंधन लागते. म्हणजे फिल्टर बुजू लागला असतानाच त्यातून अधिक इंधन जाण्याची गरज निर्माण होते. महिनोन्‌महिने उभी राहणारी हौसेची गाडी असेल, तर फिल्टर किलोमीटरच्या हिशेबाने न बदलता कालावधीच्या हिशेबाने बदलावा आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मुदतीच्या आधीच बदलावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

फिल्टर मागवताना गाडीचा चेसिस क्रमांक देऊनच मागवा. पहिल्या पिढीच्या बॉक्सस्टरमध्ये टाकी पुढे, इंजिन आसनांच्या मागे आणि फिल्टर गाडीच्या पोटाखाली प्लॅस्टिकच्या आवरणाआड असतो. नंतरच्या गाड्यांत मात्र तो टाकीतील पंपासोबतच बसवलेला आहे. त्यामुळे केवळ मॉडेलच्या नावावरून मागवलेला भाग चुकीचा निघू शकतो. फिल्टरसोबत जोडणीच्या नव्या ओ-रिंगा किंवा तांब्याचे वायसर जे लागत असेल ते त्याच वेळी मागवा. जुना वायसर एकदा दाबला गेला की पुन्हा नीट बसत नाही, आणि तेवढ्यासाठी गाडी आठवडाभर जॅकवर लटकत राहते.

शेडविषयी मला काळजी वाटते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. तापीकाठची काळी माती कोरडी असताना दगडासारखी वाटते, पण तिच्यावर जॅक स्टँड उभे केले की गाडीच्या वजनाने त्यांचे पाय हळूहळू आत रुततात आणि स्टँड कलतो. शहाबादी फरशीखाली पोकळी असेल तर ती तडकते. सपाट, जाड काँक्रीटचा कोबा असेल तरच गाडी उचला. नसेल तर ज्यांच्याकडे तसा कोबा आहे अशा एखाद्या शेजाऱ्याकडे गाडी न्या. ही गाडी जमिनीलगत असल्यामुळे ट्रॅक्टरचा बॉटल जॅक तिच्याखाली जाणारच नाही. ठेंगणा ट्रॉली जॅक आणि चार चांगले जॅक स्टँड लागतील. स्टँड उत्पादकाने ठरवून दिलेल्या जागीच, मध्ये रबराचा तुकडा ठेवून लावा. केवळ जॅकच्या आधारावर उचललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरसुद्धा, जाऊ नये.

गाडीखाली खोदलेल्या खड्ड्यात उतरून काम करण्याची पद्धत आपल्याकडे आहे. पेट्रोलच्या कामासाठी तो खड्डा वापरू नका. जड वाफ त्यातच साचते आणि माणूसही त्यातच उभा असतो.

शेडची दारे दोन्ही बाजूंनी सताड उघडी ठेवा आणि हवा नैसर्गिकरीत्या खेळू द्या. उन्हाळ्यात आपल्याकडे कूलर लावल्याशिवाय शेडमध्ये बसवत नाही. पण कूलरचे बटण, त्याची मोटर आणि लांबवलेल्या वायरीचा सैल प्लग या तिन्ही ठिकाणी ठिणगी पडू शकते, म्हणून त्या दिवशी कूलर बंदच हवा. साखळीला लटकवलेला साधा बल्ब नको. पेट्रोलचा थेंब तापलेल्या काचेवर पडला तर काच फुटते. चार्जिंगवर चालणारा बंदिस्त एलईडी दिवा वापरा आणि तो काम सुरू होण्यापूर्वीच लावून ठेवा. शेडला लागून चूल असेल, शेजारी वेल्डिंग चालू असेल किंवा हिवाळ्यात अंगणात भरिताची वांगी भाजण्यासाठी काड्या पेटवल्या असतील, तर काम दुसऱ्या दिवशी करा. भुसावळ-यावल पट्ट्यात चैत्र-वैशाखात दुपारचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा हे काम हाती घेऊच नये. दिवाळीनंतरच्या महिन्यांत, सकाळच्या वेळी, गाडी रात्रभर थंड झालेली असताना ते करावे. भारतीय मानक 15683 चे चिन्ह असलेला कोरड्या पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा आणि तो कसा चालवायचा हे जाणणारा एक प्रौढ माणूस शेवटपर्यंत जवळ असू द्या. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी ओतले तर पेट्रोल पाण्यावर तरंगत पुढे जाते आणि आगही सोबत जाते. वाळूची बादली मात्र उपयोगी पडते.

टाकीत पेट्रोल पाव भागापेक्षा कमी असताना काम घ्या. प्रथम पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा. तो कोणता हे गाडीच्या पुस्तिकेत पाहूनच ठरवा. मग इंजिन सुरू करा. नळीत उरलेले पेट्रोल जाळून ते आपोआप बंद पडेल. त्यानंतर आणखी एक-दोन वेळा काही सेकंद स्टार्टर फिरवा, म्हणजे उरलासुरला दाब उतरेल. टाकीचे झाकण उघडून आतील वाफेचा दाब सोडा आणि पुन्हा लावा. हे सर्व झाल्यावरच बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. काही जण आधी तार काढतात आणि मग दाब कसा उतरवायचा हा प्रश्न पडतो. त्या काळातील गाड्यांच्या रेडिओला बॅटरी काढल्यानंतर कोड मागण्याची सवय असते, तेव्हा तो कोड आधी शोधून ठेवा. स्टार्टर फिरवल्यानंतर सायलेन्सर पुन्हा पूर्ण थंड होईपर्यंत थांबा.

खालचे प्लॅस्टिकचे आवरण काढल्यावर फिल्टर दिसेल. त्याला लगेच पाना लावू नका. आमच्या भागातील धूळ इतकी बारीक असते की ती प्रत्येक जोडणीच्या खाचेत घट्ट बसलेली असते, आणि फिल्टरच्या पुढच्या बाजूच्या उघड्या नळीत गेलेला तिचा कण अडवायला वाटेत दुसरे काही नसते. तो सरळ इंजेक्टरमध्ये जातो. ब्रश आणि स्वच्छ कापडाने जोडणी आधी पुसून घ्या. नळ्या कोणत्या बाजूने कोठे जातात याचे छायाचित्र मोबाइलवर आधीच काढा आणि मग मोबाइल शेडबाहेर ठेवा.

नट सोडवताना दोन पाने लागतात. एक पाना फिल्टरच्या अंगावरील षटकोनी भाग घट्ट धरून ठेवतो आणि दुसरा नळीचा नट फिरवतो. एकाच पान्याने जोर लावला तर फिल्टर जागेवर फिरतो, सोबत धातूची नळी पिळली जाते, आणि मग फिल्टरच्या किमतीच्या अनेक पट खर्च त्या नळीवर होतो. नळीच्या नटासाठी बाजूने उघडा असलेला फ्लेअर नट पाना मिळाला तर उत्तम, कारण साध्या पान्याने जुन्या नटाचे कोपरे घासून गोल होतात. गंज दिसत असेल तर आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल लावून ठेवा. सोडवताना जोडणीवर कापड गुंडाळा, डोळ्यांवर बंद चष्मा आणि हातांत नायट्राइलचे मोजे घाला, खाली धातूचे पसरट घमेले ठेवा. दाब उतरवलेला असला तरी फिल्टरमधून आणि नळ्यांतून थोडे पेट्रोल निघणारच. सुटलेल्या नळ्यांच्या तोंडांना लगेच स्वच्छ बूच लावा.

नवा फिल्टर बसवताना त्याच्यावरील बाणाचे टोक टाकीकडून इंजिनाकडे जाणाऱ्या दिशेला असले पाहिजे. जुन्या फिल्टरला अर्थिंगची तार जोडलेली असेल तर ती नव्यालाही जोडा. वेगाने वाहणाऱ्या पेट्रोलमुळे स्थिर विद्युत निर्माण होते आणि तिला वाट करून देण्याचे काम ही तार करते, म्हणून ती निरुपयोगी समजून सोडून देऊ नये. नट प्रथम हाताने पूर्ण आटे धरेपर्यंत फिरवा, नंतर दोन पान्यांनी आवळा. किती आवळायचा याचा आकडा पुस्तिकेतून घ्या आणि टॉर्क पाना वापरा. चाप असलेली जोडणी असेल तर ओ-रिंगला स्वच्छ इंजिन ऑइलचा थेंब लावून ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत ती आत ढकला आणि मग ओढून पाहा.

ट्रॅक्टरप्रमाणे येथे हवा काढत बसावे लागत नाही. फ्यूज आणि बॅटरी जोडल्यावर इंजिन सुरू न करता किल्ली फक्त ‘ऑन’ स्थितीत न्या, काही सेकंद थांबा, बंद करा; असे तीन-चार वेळा केले की पंप नळ्या भरतो. याच टप्प्यावर, इंजिन अजून थंड असताना, खाली जाऊन दोन्ही जोडण्या कोरड्या कापडाने पुसून पाहा. कापड ओले झाले तर इंजिन सुरू करू नका. कोरडे राहिले तर सुरू करा, दहा मिनिटे चालू ठेवा, पुन्हा पाहा, आणि गावाबाहेर एक फेरी मारून आल्यावर परत एकदा पाहा.

काढलेला फिल्टर तसाच टाकून देऊ नका. ज्या तोंडातून पेट्रोल आत येते त्याच तोंडाने तो उलटा करून आतील पेट्रोल घमेल्यावर धरलेल्या पांढऱ्या कापडातून गाळून घ्या. तांबूस भुकटी निघाली तर टाकी किंवा नळी गंजत आहे. काळे बारीक कण निघाले तर रबरी नळी आतून झडत असावी. घमेल्यात गाळलेल्या पेट्रोलमध्ये तळाला वेगळा थर किंवा थेंब दिसले तर पाणी शिरले आहे. यांपैकी काहीही भरपूर प्रमाणात आढळले तर नवा फिल्टरही लवकरच बुजेल, म्हणून मुळाशी जाऊन तपासणी करून घ्या. निघालेले पेट्रोल गटारात, बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नका, आणि पाण्याच्या बाटलीत तर मुळीच भरून ठेवू नका. शेतावर तहानलेला माणूस किंवा मूल ती बाटली तोंडाला लावू शकते. पत्र्याच्या झाकणबंद डब्यातून ते गॅरेजला द्या.

प्रश्न : माझ्याकडे जुनी इंजेक्शनची स्पोर्ट्स कार आहे. मूळ फिल्टर महाग आहे आणि परदेशातून येण्यास वेळ लागतो. बाजारात मोटारसायकलला लावतात तसा पारदर्शक प्लॅस्टिकचा फिल्टर स्वस्तात मिळतो, आत साचलेला कचराही दिसतो. तो नळी कापून बसवला तर चालेल का?
— एक वाचक, धुळे

उत्तर : चालणार नाही, तात्पुरताही नाही. तो फिल्टर कार्ब्युरेटरसाठी बनवलेला असतो आणि कार्ब्युरेटरला पेट्रोल फार तर 0.2 ते 0.4 बार दाबाने मिळते. आपल्या गाडीतील दाब त्याच्या सुमारे दहापट असतो. त्या दाबाखाली आणि इंजिनाच्या उष्णतेत प्लॅस्टिकचे कवच फुटू शकते किंवा नळी त्याच्या तोंडावरून निसटू शकते, आणि पंप मात्र पेट्रोल ढकलतच राहतो. शिवाय त्याची जाळी इंजेक्शनच्या फिल्टरइतकी बारीक नसते. तो टिकला तरी इंजेक्टर बिघडण्याचा धोका उरतोच. मूळ उत्पादकाचाच भाग हवा असा माझा आग्रह नाही. त्याच दाबासाठी, त्याच जोडणीचा, धातूच्या कवचाचा दुसऱ्या नामांकित उत्पादकाचा फिल्टर चालतो. रबरी नळी बदलावी लागली तर इंजेक्शनच्या दाबासाठी बनवलेली, अंगावर एसएई जे30 आर9 असे छापलेली नळी घ्या आणि तिला पूर्ण वेढा देणारे गुळगुळीत पट्टीचे क्लॅम्प लावा. खाचा असलेली साधी पट्टी रबरात रुतून ते कापते.

प्रश्न : आमच्या दोन आसनी गाडीचा पेट्रोल फिल्टर पंधरवड्यापूर्वी गॅरेजमध्ये बदलला. तेव्हापासून सकाळी घराखालच्या बंद पार्किंगचे शटर उघडले की पेट्रोलचा वास येतो. खाली थेंब दिसत नाही. नव्या फिल्टरचा वास काही दिवस येतोच, असे गॅरेजवाल्यांनी सांगितले. थांबावे का?
— एक वाचक, शहादा

उत्तर : थांबू नका. काम करताना सांडलेल्या पेट्रोलचा वास एक-दोन दिवसांत उडून जातो. पंधरा दिवसांनंतरही तो येत असेल तर कोठून तरी पेट्रोल झिरपते आहे. पेट्रोल इतके चटकन उडते की बारीक गळतीचा थेंब जमिनीपर्यंत पोहोचतही नाही, म्हणून खाली डाग नसणे हा गळती नसल्याचा पुरावा नव्हे. सकाळी शटर पूर्ण उघडून वास जाईपर्यंत बाहेर थांबा. त्याआधी आत दिव्याचे बटण दाबू नका, शटर विजेवर चालणारे असेल तर ते हाताने उचला आणि गाडीचे रिमोटही वापरू नका. मग गाडी सुरू न करता, न्यूट्रलमध्ये ठेवून, दोघा-तिघांनी ढकलत मोकळ्या जागेत आणा. गॅरेजच्या माणसालाच तेथे बोलवा, पंप चालू करून दाब भरल्यावर दोन्ही जोडण्या आपल्यासमोर कोरड्या कापडाने पुसून दाखवण्यास सांगा. जोडणीचे ओ-रिंग किंवा वायसर जुनेच परत लावले होते का, हेही विचारा. अशा झिरपण्याचे ते नेहमी आढळणारे कारण आहे. गाडीचा फिल्टर टाकीच्या आत असेल, तर टाकीच्या वरचे झाकण ज्या रबरी रिंगवर बसते ती रिंग दुमडली गेली आहे का ते पाहावे लागेल. तशा गाडीत टाकी काठोकाठ भरल्यावर वास अधिक येतो. दोष सापडून दुरुस्त होईपर्यंत ती गाडी घराखाली उभी करू नका.